बंगळुरूचा बर्फ

बंगळुरू समुद्रसपाटीपासून जेमतेम नऊशे मीटर उंच. उन्हाळ्यात पुणेकरांना हेवा वाटावा अशी हवा, डिसेंबर-जानेवारीत कपाटातून स्वेटर बाहेर काढावा लागेल इतपत थंडी आणि एप्रिल-मेच्या वळवात कधीतरी टपटपणाऱ्या गारा. बर्फाशी या गावाचं नातं एवढंच. तरीही 2017 च्या ऑगस्टमध्ये मी व्हाइटफील्डला मावसबहिणीकडे निघाले, तेव्हा ताईने फोनवर बजावलं, "वर्तूरच्या बाजूने येऊ नकोस गं, तिकडे बर्फ पडतोय." ती हसत होती, पण थट्टा करत नव्हती. स्वातंत्र्यदिनाच्या पहाटे शहराला पावसाने झोडपलं होतं, कोरमंगलच्या गल्ल्यांत कमरेएवढं पाणी शिरलं होतं, आणि बेळ्ळंदूर-वर्तूर तळ्यांवरचा पांढरा फेस उडून रस्त्यावर येत होता. माणसाला जाऊ नको म्हटलं की जावंसं वाटतं. मी मनात मार्ग आखला तो थेट त्या फेसापर्यंत.

रेल्वेगाडीतून उतरून स्थानकाबाहेर आलं की समोर मॅजेस्टिक, म्हणजे केंपेगौडा बस स्थानक. गर्दी, हॉर्न, फुलांच्या गजऱ्यांचे ढीग, कंडक्टरांच्या आरोळ्या. हा सगळा गलबला एका तळ्याच्या तळावर चालतो. इथे धर्मांबुधी नावाचं तळं होतं. 1537 च्या सुमारास हे शहर वसवणाऱ्या पहिल्या केंपेगौडाने किल्ल्याबरोबर तळीही बांधली, कारण बंगळुरूला मोठी नदी नाही. पुण्याला मुळा-मुठा, नाशिकला गोदावरी, सांगलीला कृष्णा. आपल्याकडे गाव नदीकाठी वसतं. इथे गावाने पाऊस अडवून, एका तळ्याचा सांडवा दुसऱ्या तळ्यात सोडत आपलं पाणी स्वतः घडवलं. या साखळीला जोडणाऱ्या ओढ्यांना राजकालुवे म्हणतात. पुढे नळाने पाणी आलं आणि तळी म्हणजे मोकळ्या जागा वाटू लागल्या. धर्मांबुधीचं बस स्थानक झालं, संपंगी तळ्याचं कंठीरवा स्टेडियम. शहाजीराजांची जहागीर इथे होती तेव्हाचं बंगळुरू त्यांनी आज येऊन शोधलं, तर निम्म्या खुणा पाण्यासकट गेलेल्या दिसतील.

न्याहारी गांधी बाजारात. विद्यार्थी भवन 1943 पासून तिथे आहे आणि सकाळी त्याच्या दाराशी रांग असते. पण रांगेतली माणसं चिडलेली नसतात, ही खरी नवलाई. पुण्यात मिसळीच्या रांगेत उभं राहिलं की प्रत्येक जण पुढच्या माणसाच्या ताटात नजर घालून त्याला मनातल्या मनात उठवत असतो. इथे लोक पेपर वाचतात, ओळख नसलेल्याशीही हवापाण्याचं बोलतात. आत वाढपी एका हातावर एवढाल्या ताटल्यांची उतरंड रचून येतो आणि एकेक दोसा टेबलावर सोडत जातो. दोसा जाड, बाहेरून खरपूस, आतून मऊ; त्यावर लोण्याची चकाकी. चटणी पातळ आणि सढळ. शेवटी कॉफी. "बाय-टू" म्हटलं की एका कॉफीचे दोन भाग होऊन येतात आणि वाढप्याच्या कपाळावर आठी पडत नाही. आपल्याकडे चहाची कटिंग असते, पण ती घाईची. इथली अर्धी कॉफी निवांतपणाची. अर्धा कप संपवायला माणसं अर्धा तास लावतात.

शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी मला परगावची ओळखून इंग्रजीत चौकशी केली. पुण्याची म्हटल्यावर म्हणाले, "तुमच्याकडेही विधान परिषद आहे ना? आमच्याकडेही आहे." भारतात तेव्हा सातच राज्यांत दोन सभागृहं होती, हे त्यांना अभिमानाने ठाऊक होतं. कुठे निघालात म्हणून विचारलं, मी विधानसौध म्हणाले. "अधिवेशन नाही आत्ता," ते म्हणाले, "पण इमारत बघा. इमारत नेहमी हजर असते."

इमारत खरोखरच हजर असते. कब्बन पार्कच्या ओल्या झाडांमधून बाहेर पडलं की आंबेडकर वीथीवर एकदम तो ग्रॅनाइटचा डोंगर उभा राहतो. खांब, छज्जे, कमानी, मधला मोठा घुमट आणि त्यावर अशोकस्तंभाचे सिंह. जुलै 1951 मध्ये पंडित नेहरूंनी पायाभरणी केली तेव्हा योजना साधी होती. नंतर मुख्यमंत्री झालेल्या केंगल हनुमंतय्यांनी ती बदलली. द्राविडी मंदिरांच्या वळणाची, भव्य इमारत हवी म्हणाले. मुख्य अभियंता बी. आर. माणिकम यांनी ती उभी केली, हजारो मजुरांबरोबर तुरुंगातले कैदीही दगड घडवायला होते. 1956 मध्ये काम पुरं झालं. खर्च झाला सुमारे पावणेदोन कोटी. त्यावरून चौकशी बसली, आणि इमारत पुरी व्हायच्या सुमारास हनुमंतय्यांचं पद गेलं. दर्शनी भागावर त्यांनी कोरून घेतलेलं वाक्य मात्र राहिलं, सरकारचं काम हे देवाचं काम. रस्त्याच्या पलीकडून ते वाचत छत्रीखाली उभी असताना एक पेरूवाला मला पेरूची फोड तिखटमीठ लावून देत होता. त्यानेही वर पाहिलं आणि कन्नडमिश्रित हिंदीत म्हणाला, "देवाला घाई नसते, मॅडम."

पाच वर्षांत एवढा दगड उभा राहिला, हे मला महत्त्वाचं वाटलं. कारण त्या दगडाच्या आतल्या कामाची गती निराळी आहे. बंगळुरूच्या तळ्यांचंच घ्या. ती बुजताहेत, नासताहेत, हे सांगणारी लक्ष्मण राव समिती 1980 च्या दशकातली. तळ्यांसाठी वेगळं प्राधिकरण 2002 मध्ये स्थापन झालं, पण ते नोंदणीकृत संस्थेच्या रूपात. अतिक्रमण करणाऱ्याला हात लावायचा तर कायद्याचा आधार हवा, तो नव्हता. सरोवर संवर्धन प्राधिकरणाचा कायदा विधिमंडळाने केला 2014 मध्ये. बारा वर्षांनी. आणि मी तिथे उभी होते त्यानंतर वर्षभरात, 2018 मध्ये, ते प्राधिकरणच गुंडाळून त्याचं काम लघुपाटबंधारे खात्याच्या छत्राखालच्या दुसऱ्या प्राधिकरणाकडे गेलं. यायला बारा वर्षं, जायला चार.

समोर अठरा कचेरी, म्हणजे उच्च न्यायालयाची 1868 मधली लाल इमारत. विधानसौध पांढुरका, न्यायालय लाल, मधे फक्त रस्ता. एका बाजूला काम रेंगाळलं की लोक रस्ता ओलांडून दुसऱ्या बाजूला जातात, हे या शहराला सवयीचं झालं आहे. तळ्यांसाठी न्यायालयाने समिती नेमली, हरित लवादाने आदेश काढले. 2016 मध्ये लवादाने तळ्याभोवती 75 मीटर मोकळी जागा सोडा म्हणून सांगितलं. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, कारण कायद्याने केलेला विकास आराखडा लवादाला बदलता येत नाही. कायदेमंडळाने जे केलं नाही ते दुसऱ्याने केलं की ते असं टिकत नाही. 2025 मध्ये तळ्याच्या आकारमानाप्रमाणे हे अंतर कमी-जास्त करणारी दुरुस्ती विधिमंडळापुढे आली, तीत छोट्या तळ्यांच्या वाट्याला काही मीटरच आले.

आपण मराठी माणसांनी यावर फार हसू नये. अंधश्रद्धेविरुद्धचं विधेयक आपल्या विधानसभेने 2005 च्या डिसेंबरात मंजूर केलं, आणि परिषदेच्या दारात ते वर्षानुवर्षं पडून राहिलं. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात, या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि काही दिवसांत वटहुकूम निघाला; डिसेंबरात नागपूर अधिवेशनात कायदा झाला. आठ वर्षं जे जमत नव्हतं ते आठवडाभरात जमलं. कर्नाटकात तशाच विधेयकाची चर्चा 2013 पासून होती. 30 ऑगस्ट 2015 ला धारवाडला, अंधश्रद्धेवर टीका करणाऱ्या डॉ. एम. एम. कलबुर्गींचा खून झाला. मी बंगळुरूत होते तेव्हाही विधेयक सरकारदरबारीच होतं. ते 2017 च्या नोव्हेंबरात मंजूर झालं, तेही बेळगावच्या अधिवेशनात. आपण विदर्भाची समजूत घालायला हिवाळ्यात नागपूरला जातो. कर्नाटक सरकार हिवाळ्यात बेळगावला जातं, ते आपला हक्क दाखवायला. 2012 मध्ये तिथे सुवर्ण विधानसौध उभा राहिला. सीमाभागातल्या मराठी माणसाला त्या इमारतीकडे पाहून काय वाटतं ते निराळं सांगायला नको. पण दाभोलकर-कलबुर्गींच्या मागे राहिलेलं काम तिथेच मार्गी लागलं, हेही खरं.

पर्पल लाइनची मेट्रो विधानसौधच्या पोटाखालून जाते. बैयप्पनहळ्ळीला उतरून मी रिक्षा केली. रिक्षावाल्याने आधी नकार दिला, मग पत्ता ऐकून हसला. "फोम बघायला? मॅडम, काश्मीर फ्री!" तो मूळचा कोलारचा. वाटेत त्याने मला दोनदा विचारलं, "ऊटा आयता?" जेवलात का, हे इथे गप्पा सुरू करायचं निमित्त आहे, नाही म्हटलं तर खरोखरच काळजी करतात. आपल्याकडे रिक्षावाला सुट्टे आहेत का विचारतो.

बेळ्ळंदूर जवळ येतं तसं नाकाला आधी कळतं. साबण आणि सडकं अंडं यांचा मिळून एक वास. मग उंच जाळी दिसते, फेस रस्त्यावर उडू नये म्हणून बांधलेली. आणि जाळीच्या वरून, सांडव्यावरून, पुलाच्या कठड्यावरून पांढरे ढग फुगत होते. लांबून पिंजलेल्या कापसासारखे. वारा आला की एखादा लोंढा सुटून हवेत तरंगायचा, दुचाकीवाले डोकं खाली घालून जायचे, एका बाईने पदर तोंडावर ओढला आणि दुसऱ्या हाताने मुलाचे डोळे झाकले. एक तुकडा माझ्या छत्रीवर बसला. जवळून तो पांढरा नव्हताच. कडा करड्या, बोटाच्या पेराएवढे बुडबुडे, मधे काळसर कण. पाऊस पडत असूनही तो विरघळत नव्हता. मी बोट लावलं, थोड्या वेळाने ते चुरचुरायला लागलं. रिक्षावाल्याने न बोलता पाण्याची बाटली पुढे केली.

बेळ्ळंदूर हे बंगळुरूतलं सगळ्यांत मोठं तळं, सुमारे नऊशे एकर. शहराच्या दक्षिण-पूर्वेच्या उताराचं सगळं पाणी इथे येतं. पूर्वी पावसाचं, आता न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि धुलाई यंत्रांचं. शुद्ध न केलेल्या सांडपाण्यातला साबण आणि फॉस्फरस वर्षानुवर्षं तळाच्या गाळात साचला. मोठा पाऊस झाला की गाळ ढवळतो, सांडव्यावरून पाणी कोसळताना त्यात हवा मिसळते आणि फेस उसळतो. भारतीय विज्ञान संस्थेचे टी. व्ही. रामचंद्र आणि त्यांचे सहकारी हे अनेक वर्षं सांगत आहेत. 2015 च्या मे महिन्यात या तळ्याला आग लागली, 2017 च्या फेब्रुवारीत पुन्हा. पाण्याला आग! पुढे 2018 च्या जानेवारीत तर लष्कराचे जवान तासन्‌तास ती विझवत होते. आग लागलेल्या पाण्याची जबाबदारी कुणाची, या प्रश्नावर उत्तर असं की तळं विकास प्राधिकरणाचं, सांडपाणी पाणीपुरवठा मंडळाचं, ओढे महापालिकेचे आणि प्रदूषण प्रदूषण मंडळाचं. फेस कुणाचाच नाही.

तिथून पाणी वर्तूरला जातं, पुढे दक्षिण पिनाकिनीतून तमिळनाडूत. ताईने नको म्हटलेल्या वर्तूरच्या पुलावर रिक्षा थांबलीच. फेस रस्त्यावर आडवा पसरला होता आणि एक माणूस लांब बांबूने तो ढकलत वाट करत होता. त्याच्यामागे गाड्यांची रांग. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. फोटो मात्र सगळे काढत होते. एक मुलगी मित्राला फेसासमोर उभं करून पोझ द्यायला सांगत होती, रोहतांगला असल्यासारखी. मला राग यायला हवा होता. पण लोक रोज जे पाहतात त्याची मौज करून घेतात, हेही समजत होतं. रिक्षावाला म्हणाला, "पाच वर्षांपूर्वी इथे मासे होते." मग जरा थांबून, "दहा."

ताईच्या इमारतीत बाविसाव्या मजल्यावरून तळं दिसतं, जाहिरातीत लिहिल्याप्रमाणे. संध्याकाळी पाऊस थांबला, हवा थंडगार झाली. ताईने पिठलं-भात केला होता, शेजारच्या काकूंनी डबाभर बिसीबेळे भात पाठवला, वर तुपाची धार आणि खारी बुंदी. मागोमाग काकाही आले. ते विधानसौधातल्या एका खात्यातून निवृत्त झालेले, सडपातळ बांध्याचे, हळू बोलणारे. मी दिवसभराची तक्रार त्यांच्यापुढे मांडली: विधिमंडळ फार संथ आहे.

"संथ?" ते म्हणाले. "तुम्ही कधी गॅलरीत बसलात का? आत विधेयकं धावतात. गोंधळ चालू असताना, आवाजी मतदानाने, वीस मिनिटांत तीन. संथपणा दाराच्या बाहेर आहे. विधेयक आत येण्याआधी वर्षानुवर्षं, आणि कायदा होऊन बाहेर पडल्यावर वर्षानुवर्षं. नियम निघत नाहीत, अधिसूचना निघत नाही, माणूस नेमला जात नाही. पेपरात बातमी येते ती फक्त मधल्या वीस मिनिटांची."

या वाक्याने माझा दिवसभराचा विचार उलटा झाला. म्हैसूर संस्थानात 1881 मध्ये प्रजाप्रतिनिधी सभा सुरू झाली, दसऱ्यानंतर भरायची. तिला कायदे करायचा अधिकार नव्हता, फक्त गाऱ्हाणी मांडायचा होता. आज 224 आमदारांची विधानसभा आणि 75 जणांची परिषद यांना सगळा अधिकार आहे, पण गाऱ्हाणी ऐकायला वेळ नाही. 2005 मध्ये कर्नाटकाने एक कायदाच केला की विधिमंडळ वर्षाला किमान साठ दिवस बसेल. कायदा करणाऱ्यांनी स्वतःसाठी केलेला हा कायदा बहुतेक वर्षं त्यांनीच पाळला नाही. तीन वाचनं, समिती, दुसरं सभागृह, राज्यपाल, ही सगळी रचना संथ असावी म्हणूनच आहे. घाईत लिहिलेलं कलम पुढे कुणाच्या तरी गळ्याला फास लावतं. तो संथपणा विचार करणाऱ्याचा. आपल्या वाट्याला येतो तो टाळणाऱ्याचा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून आपण दोघांनाही एकच शिवी देतो.

त्यानंतर मी काकांनी सांगितलेल्या जागी बघायला शिकले. अंधश्रद्धेविरुद्धचा कर्नाटकाचा कायदा 2017 मध्ये मंजूर झाला, तो लागू झाला 2020 च्या जानेवारीत. बंगळुरू महापालिकेचे तुकडे करणारं विधेयक 2015 मध्ये विधानसभेत मंजूर झालं, परिषदेत अडलं, पुन्हा मंजूर होऊन राज्यपालांमार्फत राष्ट्रपतींकडे गेलं आणि तिकडेच राहिलं. 2020 च्या सप्टेंबरात पालिकेची मुदत संपली. त्यानंतर वर्षानुवर्षं शहराला निवडून आलेला नगरसेवक नव्हता. 2024 मध्ये नवं विधेयक आलं, संयुक्त समितीकडे गेलं, 2025 च्या मार्चमध्ये मंजूर झालं, मे महिन्यात कायदा लागू झाला आणि सप्टेंबरात एका पालिकेच्या पाच झाल्या. त्या दहा वर्षांतले सभागृहातले तास मोजले तर एका कामाच्या आठवड्यात बसतील. बाकी सगळा काळ फाइलींचा.

आणि फेस? हरित लवादाने 2017 मध्ये आपणहून दखल घेतली, 2018 च्या डिसेंबरात कर्नाटक सरकारला तळ्यासाठी 500 कोटी रुपये बाजूला ठेवायला सांगितलं. गाळ काढायचं काम सुरू झालं 2020 मध्ये. शुद्ध केलेलं पाणी नळाने कोलारच्या कोरड्या तळ्यांत जाऊ लागलं. माझ्या रिक्षावाल्याच्या गावच्या बाजूला. बंगळुरूचं सांडपाणी कोलारचं भूजल वाढवतं, हे ऐकून त्याला काय वाटत असेल याची मला उत्सुकता आहे.

पुण्यात परतल्यावर आळंदीला जाणं झालं. इंद्रायणीवर तोच पांढरा फेस, पुलावर तसेच मोबाइल वर. वारकरी फेस हाताने बाजूला सारून बुडी मारत होते. आमच्या गटातल्या एकाने नेहमीप्रमाणे म्हटलं, "कडक कायदा केला पाहिजे." कायदा आहे, पाणी प्रदूषणाचा, 1974 पासून आहे. मी त्याला एवढंच विचारलं, त्यातला कोणता आदेश कुणी, कोणत्या तारखेला काढला आणि तो पाळला का, हे आपल्यापैकी कुणी कधी पाहिलंय? पुढच्या महिन्यात आम्ही चौघांनी मिळून माहिती अधिकाराचा अर्ज केला. उत्तर आलं की विषय दुसऱ्या खात्याकडे वर्ग केला आहे. आम्ही त्या खात्याला अर्ज केला आहे.